अर्थिंग

रबाळ्याच्या गाळ्यात डावीकडे पावडर-कोटिंगवाला,
उजवीकडे खाकऱ्याचं पॅकिंग,
मधे विमान.
पंख अजून भिंतीला टेकून, जुन्या चादरीत.
शेपटीवर हिराजी कडूंचा सदरा वाळत घातलेला.

मी एकोणीस वर्षं लिफ्टचे पॅनल वायर केले, वागळे इस्टेटात.
लिफ्टमध्ये चूक झाली तर माणूस दोन मजल्यांमधे अडकतो,
हाका मारतो, वॉचमन येतो.
कडू म्हणाले, "ताई, इथे वॉचमन नाही."
एवढंच. मग चहा मागवला.

होकायंत्र सगळ्यांपासून लांब, वर, काचेजवळ बसवलं.
त्याला वायरींची संगत सोसत नाही.
स्क्रू पितळेचे. लोखंडाचा एक जरी राहिला
तर उत्तर दिशा ऐरोली सोडून खाडीत उतरते.

काडेपेटीएवढा कनेक्टर, त्याला पंचवीस पिना.
एकेक वायर पिनेत दाबायची, मग ओढून बघायची.
जी हातात येते
ती आत्ताच आली म्हणून तिचे उपकार.

जुडगे मी मेणाच्या दोऱ्याने बांधते.
प्लॅस्टिकच्या टायची कापलेली टोकं मनगट फाडतात.
गाठ तीच,
जी आई जांभळी नाक्यावर गजऱ्याला मारायची:
एक वेढा, खालून घेणं, बोटाने आवळणं.
कळीचा देठ मोडायचा नाही आणि कळी गळायची नाही.
आईला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं,
विमान शेकड्याने देतात की डझनाने.

प्रत्येक वळणावर थोडी वायर जास्त सोडते.
"वजन?" कडू विचारतात.
मी म्हणते, कधीतरी कुणीतरी हे उघडेल,
पाठीवर आडवं होऊन, टॉर्च दातांत धरून.
त्याच्या हाताला वीतभर सैल मिळू दे.

मंगळवारी पहिल्यांदा वीज दिली.
स्क्रीन उजळली. रेडिओ लागला.
आणि हेडफोनमध्ये घूंऽऽ,
बंद खोलीत भुंगा अडकावा तसं.

तीन रात्री शोधलं.
चार्जर बदलला, रेडिओ बाहेर काढला, परत घातला.
कडू काही बोलले नाहीत, नुसते नवे सेल आणून ठेवायचे टॉर्चसाठी.
शेवटी सापडलं:
जॅकखालचा फायबरचा वायसर राहिला होता. माझ्याच हातून.
वायरीतून एकदा, पत्र्याच्या अंगाने पुन्हा,
दोन जागी अर्थ.

दोन अर्थ झाले की घुमतं.

लिफ्टचं सोपं होतं. तिच्या पायाशी जमीन असते.
खड्डा खणा, मीठ-कोळसा घाला, पट्टी पुरा.
"मीठ मागाल तेवढं दिलं असतं," कडू म्हणाले,
"बाबांची मिठागरं होती तेव्हा."
पण जे जमीन सोडणार, त्याला कसला खड्डा?
त्याचा अर्थ त्याच्याच अंगात ठेवावा लागतो,
इंजिनामागच्या भिंतीवर, एका बोल्टापाशी.
सगळ्या काळ्या वायरी तिथे येतात.
मी तो बोल्ट दोनदा आवळला
आणि लाल रंगाची रेघ मारली,
सरकला तर दिसावं म्हणून.

काल वेगाच्या नळीला रबरी ट्यूब लावली
आणि फुंकर घातली, दुधावर घालतात तेवढीच.
आत कडू, रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेले,
सीट अजून आलेली नाही.
"वीस," ते म्हणाले. "तीस. चाळीस. पंचेचाळीस."
मी ट्यूब चिमटीत धरली.
आता मिनिटभर काटा उतरता कामा नये.
शेजारी खाकऱ्यांची पिशवी सील झाली. अजून एक.
पंखांवरची चादर जरा हलली, पंख्याने.
"किती?" मी विचारलं.
"पंचेचाळीसच."
मिनिट संपलं, मी ट्यूब सोडली,
काटा शून्यावर आला.
कडूंनी पॅडलवरचे पाय काढले नाहीत.